सोप्यातला स्टार्टर

३ फेब्रुवारी, सोमवार

कारखान्यानं सभासदांना दिलेली ही डायरी. पहिली सात पानं संचालकांच्या फोटोंत गेली, उरलेली माझी.

परवा शनिवारी त्रिशला मॅडम आल्या होत्या. घरात बाईमाणसाला मारहाण झाली की तिला कोर्टापर्यंत पोचवायला सरकारनं माणूस नेमलेलं असतं, संरक्षण अधिकारी म्हणतात, त्या ह्या. मगदुमांच्या, सांगलीकडच्या जैनांतल्या. कांदा-लसूण खात नाहीत, पण बोलणं तिखट. त्या अंकिताला म्हणाल्या, "रोज काय घडतं ते तारीखवार लिहून ठेवा, पुढच्या तारखेला उपयोगी पडतं." अंकिता म्हणाली, "काय लिहू, मॅडम?" आणि पदराचं टोक पिळत बसली. म्हटलं, तू पदर पीळ, मी लिहिते. औंधच्या शाळेत चौथी पास झाले मी. तेवढी चौथी अजून शिल्लक आहे.

तर कोर्टानं वाचलं तर त्याला कळावं म्हणून पहिल्यापासून. मी राहीबाई, घर माझ्या नावावर. जयराज माझा नातू. त्याचे आईबाप एकाच अपघातात गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी वाढवला. अंकिता त्याची बायको, माझी नातसून, जत तालुक्यातली. डिसेंबरात त्यानं तिला कोयत्याच्या मुठीनं मारलं, गळ्याखालचं हाड मोडलं. कारण काय, असं गावात सगळे विचारतात. हाड मोडलं, एवढं पुरे. मीच तिला दवाखान्यात नेलं आणि मीच मॅडमना फोन करायला लावला.

कोर्टानं आदेश दिला: जयराजनं घरात राहायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, फोन करायचा नाही, हात लावायचा नाही. तो आता माझ्या पुतण्याकडं, लालासाहेबाकडं राहतो, गावाच्या त्या टोकाला. गाव म्हणतं, म्हातारीनं सख्खा नातू बाहेर काढला आणि परक्याची लेक ठेवून घेतली. ठेवून घेतली. भाकरी गोल करते आणि उलट बोलत नाही. नातू दोन्ही करत नव्हता.

आता आजचं. त्याच्या वकिलानं आदेशात एक ओळ घालून घेतली आहे की शेतीला अडथळा नको, मोटर चालू करायला जयराजला येऊ द्यावं. विहीर आमची आणि लालासाहेबाची मिळून. सोमवार आणि गुरुवार पाण्याची पाळी आमची. विहिरीवर मोटरचा स्टार्टर ठेवला की चोर वायरीसकट नेतात, म्हणून सगळ्या गावानं स्टार्टर घरात आणले. आमचा सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत आहे, दारातून आलं की डाव्या हाताला, चपलांच्या वरती. आमच्या लायनीला आता दिवसा वीज असते. म्हणून जयराज सकाळी नऊला आला, बटण दाबलं, गेला. एक शब्द बोलला नाही. आदेश पाळला. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, तरी बघा किती लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जयराज नऊला आला. चपला बाहेर काढून आत आला, तेवढं वळण मी लावलेलं आहे. बटण दाबलं. माठातलं पाणी प्याला, तांब्या पालथा घातला, गेला. बोलला नाही.

अंकिता स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दोन भाकरी जाळल्या. म्हटलं, "चुलीपुढं बसून झोपतीस का काय?"  माझ्या वेळी भाकरी जळली असती तर… जाऊ दे. ते ह्या डायरीतलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आला, मोटर लावली, गेला. बोलला नाही.

अंकिता ब्लाऊज शिवते. सोमवारी एक बाई माप द्यायला येणार होती, तिला हिनं मंगळवारी बोलावलं. डोक्यावरून अंघोळ करायची तीही बुधवारी करणार म्हणे. सोमवार-गुरुवार हिनं काय उपास धरलाय का देव जाणे. शिवाय चपला काढताना आता फार नीटनेटकी झाली आहे. आज सोप्यात बघते तर तिच्या चपला जुळवून, तोंडं दाराकडं करून ठेवलेल्या. पाव्हण्याच्या ठेवतात तशा.

दुपारी धोंडुबाई आली. पलीकडच्या घरातली, माझ्याच वयाची, पण दात सगळे आहेत म्हणून तोरा. म्हणाली, "राहीबाय, नातवाला दारात हुबं ऱ्हायला लावतीस, वर जाऊन तुझ्या मालकास्नी काय सांगशील?"

म्हटलं, "सांगीन की धोंडुबाय मागनं येतीया, तिलाच इचारा."

"मी न्हाई एवढ्यात येत."

"मग कशाला घाई करतीस माझी?"

चहा पिऊन गेली. साखर जास्त मागितली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज लाईट येत-जात होती. जयराज बटण दाबायचा, मोटर धरायची नाही. मग तिथंच खुर्चीवर बसला लाईटची वाट बघत, पाऊणएक तास. मी चहा दिला. कोर्टानं चहा बंद केलेला नाही. आदेश मी दोनदा वाचून घेतला आहे.

तो म्हणाला, "आज्जे, वाळत घातलेली डाळिंबी साडी नवी दिसतीया."

म्हटलं, "तिच्या आईनं धाडलीया."

"आन् कापडं शिवायला पुरुषमाणसं बी येत्यात म्हणं?"

"एक मास्तर आला हुता, बायकोचं कापड द्यायला. दारातनंच गेला."

"कुठला मास्तर?"

सांगितलं. सरळ बोलत होता, आवाज खाली. बसून बसून थंड झाला असावा. मला वाटतं हा आता वळणावर येतोय. आदेशाचा उपयोग होतो म्हणायचा.

तो गेल्यावर अंकिता बाहेर आली. हातात लाटणं होतं. चपात्या आज करायच्याच नव्हत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल तो आला, मोटर लावली, गेला. तो मास्तर ब्लाऊज न्यायला आला नाही, बायकोलाही धाडलं नाही. निरोप पाठवला की कापड तसंच परत द्या.

आज अंकितानं पेटीखालची बॅग काढली. म्हणाली, "आजी, मी माहेरी जाते."

माझं डोकं फिरलं. "कोर्टानं तुला घर दिलं, त्येला भाईर काढलं, आन् आता तूच जातीस? मंग कशाला खेटं घातलं मी ह्या वयात? तिकडं जतला टँकर आल्याबिगर तोंड धुता येत न्हाई. तुझा बाप मेंढरांमागं. तुला कुठं बसवायचं, मेंढरांत?"

रडली नाही. ते एक बरं आहे तिचं. बॅगेची चेन लावत म्हणाली, "आजी, तुमी गुरुवारी फक्त माझ्या चपला बघा."

"चपलांत काय बघायचं?"

"तुमी बघा. मग जा म्हनला तर जाईन, ऱ्हा म्हनला तर ऱ्हाईन."

२० फेब्रुवारी, गुरुवार

बघितलं.

मी माजघराच्या दाराआड, गोधडी शिवायला घेतल्यासारखी. तो आला. तिच्या चपला भिंतीशी होत्या, एक आडवी. त्यानं आधी बटणाकडं बघितलंच नाही. पायाच्या अंगठ्यानं तिची एक चप्पल सरळ केली. मग दुसरी. मग दोन्ही हळूहळू सरकवत उंबऱ्याबाहेर नेल्या आणि तोंडं रस्त्याकडं करून जुळवून ठेवल्या. घाई नाही, आवाज नाही. मग आत येऊन बटण दाबलं, पाणी प्याला, तांब्या पालथा घातला. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघून हसला आणि गेला.

म्हणजे ती पाव्हण्यासारखी नीटनेटकी ठेवणारी अंकिता नव्हती. आणि दहा तारखेला मी तसं लिहूनही ठेवलं आहे, शहाणी.

माझे मालक टोपी खुंटीला अडकवत. पण कधी कधी खुंटी सोडून जात्यावर ठेवत. तेही काही बोलत नसत. जात्यावर टोपी दिसली की मी चुलीवरचा तवा आधी उतरवून ठेवत असे. मी काही भ्यायले नाही कधी. तवा तेवढा उतरवून ठेवायची.

तेरा तारखेला मी त्याला मास्तराचं नाव सांगितलं. हे पण लिहिते, कारण मॅडम म्हणाल्या सगळं लिहा.

अंकिताला म्हटलं, "होळीपर्यंत ऱ्हा. होळीला पुरणाच्या पोळ्या करू, त्यावर काय ठरवायचं ते ठरव."

ती म्हणाली, "होळीपर्यंत किती पाळ्या हुतील, आजी?"

मोजलं. ती नको म्हणाली नाही, पण बॅग पेटीखाली परत सरकवली नाही. खाटेवर ठेवली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकीत गेले. नानासो हवालदार आमच्याच भावकीच्या ओळखीचा, खुर्ची दिली.

"आवं आजी, त्यो आत आला त्ये आदेशात हायच की. मोटर लावायला."

"चपला भाईर ठेवतो."

"सवताच्या?"

"तिच्या."

"मोडल्या? फेकल्या?"

"जुळवून ठेवतो."

नानासोनं पेन खाली ठेवलं. "आजी, चपला जुळवून ठेवल्या म्हणून कुठलं कलम लावू मी? सायब मलाच हाणतील."

म्हटलं, "तुझ्या बायकोच्या चपला तू कधी जुळवून ठेवल्यास का?"

"न्हाई बा."

"मग इचार कर, त्यो का ठेवत असंल."

विचार केला असावा, कारण चहा सांगायला विसरला. पण कागदावर काही लिहिलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नऊला तो येऊन गेला, चपला उंबऱ्याबाहेर. दुपारी त्रिशला मॅडम आल्या. मी सांगितलं ते त्यांनी न हसता ऐकलं. म्हणाल्या, आदेशातली ती ओळ काढायला अर्ज देता येतो, आजच देऊ, पण तारीख एप्रिलातली पडेल. एप्रिलपर्यंत ही पोरगी भिंतीला टेकून वाळेल.

त्यांच्या पिशवीत एक जाड कागदांचा गठ्ठा होता. सरकार म्हणे ह्या आदेशांचे नियम बदलणार आहे. मसुदा काढलाय, लोकांनी सूचना द्याव्यात. बारा मार्चला सांगलीत बैठक. मी म्हटलं, वाचा. त्यांनी वाचलं. आदेश इतक्या दिवसांत पोलिसांत पोचला पाहिजे, मोबाईलवरच्या धमकीलाही तीच शिक्षा, असं बरंच. मध्ये मध्ये मला डुलकी लागली, पण कान उघडे होते.

म्हटलं, "ह्यात स्टार्टर कुठं हाय?"

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या. गठ्ठा उलटसुलट चाळला आणि म्हणाल्या, "नाही आजी. स्टार्टर कुठंच नाही."

"ज्यानं लिवलंय त्यानं सोपा बघितलाय का कवा?"

"तुम्ही येता का बाराला? हेच बोला."

म्हटलं, बघू. बारा तारीख लांब आहे, गुरुवार जवळ आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नऊला तो येऊन गेला. चपला पुन्हा उंबऱ्याबाहेर. मी आत आणून ठेवल्या आणि कृष्णात वायरमनला बोलावलं. म्हटलं, "ह्यो स्टार्टर हितनं काढ आन् हिरीवर बसव."

"आज्जी, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? आठ दिसांत वायरीसकट जाईल."

"जाऊ दे."

कृष्णात डोकं खाजवत बसला. लग्नात अंकिताच्या पाठवणीला त्यानंच ट्रॅक्टर आणला होता, त्यामुळं घरातलं त्याला सगळं माहीत आहे. पण विचारलं काही नाही. म्हणाला, "मोबाईलचा स्टार्टर बसवू का? फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. लोखंडी पेटीत कुलूप घालून लायटीच्या डांबावर उंच चढवतो. चोराला शिडी आणावी लागंल."

म्हणजे माणसानं दारात यायची गरजच नाही. मी त्याला विचारलं, "आन् ह्यो जिन्नस आधीपासनं निघालाय?"

"लय दिवस झालं, आज्जी. लालासाबानं बी बसवलाय की."

लालासाहेबाच्या घरी बसून, लालासाहेबाचा फोनवरचा स्टार्टर रोज बघून, जयराज आपला चालत चालत माझ्या सोप्यात येत होता. हे मला कोणी सांगितलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही, तेवढी माझी चूक.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कृष्णातनं सोप्यातली स्टार्टरची पेटी काढली. भिंतीला स्क्रूची चार भोकं आणि एक पांढरा चौकोन राहिलाय.

संध्याकाळच्या आत लालासाहेब आला. कडक इस्त्री. "काकी, जयराजच्या शेतीला तुमी अडथळा केलासा. कोर्टात हे उलटं पडंल तुमच्यावर."

"कसला अडथळा? आता त्येला चालायला बी लागणार न्हाई. अंथरुणात पडून मोटर लावू दे. तुझा बी तसाच हाय म्हणं?"

लालासाहेब भिंतीकडं बघायला लागला.

कृष्णातकडून मी कागद लिहून घेतला होता: स्टार्टर कुठं बसवला, पेटीची किल्ली, त्यात जयराजचा नंबर पहिला घातलाय आणि माझा दुसरा. लालासाहेबाच्या हातात किल्ली दिली आणि त्या कागदावर किल्ली मिळाली म्हणून सही घेतली. सही करताना म्हणाला, "काकी, तुमी वकील व्हायला पायजे हुता."

म्हटलं, "चौथीत मास्तर पण हेच म्हणाले. मग माझ्या बाला सांगायचं इसरले."

३ मार्च, सोमवार

नऊ वाजून पाच मिनिटांनी परसातल्या पायपात पाणी खळाळलं. मोटर आपोआप चालू! तो आला नाही. अंकितानं सोमवार असून डोक्यावरून पाणी घेतलं आणि केस मोकळे सोडून अंगणात बसली. धोंडुबाई बघून म्हणाली, "सणावाराबिगर केस मोकळं?" म्हटलं, "आमच्यात आता दर सोमवारी सण."

जिंकलं म्हणायला हरकत नाही. सरकारला जे जमलं नाही ते मी आणि कृष्णातनं एका दुपारी केलं.

४ मार्च, मंगळवार

पण बॅग अजून खाटेवरच आहे. विचारलं तर म्हणाली, "आजी, त्यो मोटरसाठी येत नव्हता."

मला राग आला. पण ती बरोबर बोलतेय असं वाटून जास्त आला. मग असं ठरवलं: मोटरसाठी येत नसेल तर परवा मोटर चालू असतानाही येईल. येऊ दे. आता त्या ओळीचा आडोसा राहिला नाही त्याला. गुरुवारी धोंडुबाईला शेवया करायला बोलावलं आहे, माजघरात, दाराशी. कशासाठी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निम्म्या गावाला घेऊन आली असती.

६ मार्च, गुरुवार

९.०२ पायपात पाणी आलं.
९.२० जयराज आला. घड्याळ बघून लिहिते.

चपला बाहेर काढल्या, आत आला. सवयीनं डावीकडं हात वर केला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनापुढं तसाच थांबला. मग खाली बघितलं. तिची चप्पल अंगठ्यानं सरळ करायला लागला.

मी बाहेर आले. "काय पायजे?"

"आज्जे, मोटर लावायला आलोय."

"पायपाचा आवाज ऐकू येतोय का?"

पाणी खळखळत होतं. त्याचंच पाणी, त्याच्याच फोननं सोडलेलं.  मग म्हणाला, "माझं घर हाय ह्ये."

"घर माझं हाय. तुला मी वाढवला म्हणून तुला वाटलं तुझं हाय."

त्यानं माझा हात धरला, मनगटापाशी. जोरात नाही. मी लहानपणी त्याला रस्ता ओलांडताना धरायची तेवढा. पण सोडेना. म्हणाला, "बाजूला हो, आज्जे." तेवढ्यात आतून धोंडुबाई ओरडली, "आरं सोड की तिला, मुडद्या! म्हातारं मनगाट हाय, मोडंल!" तिला दात आहेत त्याचा आज उपयोग झाला, आवाज चार घरं गेला. आणि अंकिता बाहेर आली. लाटणं नव्हतं हातात, फोन होता, मॅडमशी चालू. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "नऊ वाजून बावीस मिन्टं." एवढंच. डिसेंबरानंतर त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द.

त्यानं हात सोडला. पण गेला नाही. खुर्चीवर बसून राहिला, कोण काय करतंय बघू म्हणून.

मॅडमनी चौकीत कळवलं, तसा नानासो हवालदार पाऊण तासानं आला. मी त्याला पायपाचा आवाज ऐकवला, कृष्णातचा कागद दाखवला, लालासाहेबाची सही दाखवली. धोंडुबाईनं तर विचारायच्या आधीच सगळं सांगितलं, दोनदा. ह्या वेळी नानासोनं पेन खाली ठेवलं नाही. म्हणाला, "आजी, आदेश मोडला म्हणून फिर्याद अंकिताची. तुमी साक्षीदार. सही करणार का? नातू हाय तुमचा."

म्हटलं, "कुठं करू, त्ये बोट दाखीव."

गाडीत बसताना जयराज अनवाणी होता. चपला दारात राहिल्या.

७ मार्च, शुक्रवार

पलीकडच्या रानात उसाचं पाचट पेटवलंय. दिवसभर धूर. डोळे चुरचुरतात, लिहवत नाही.

८ मार्च, शनिवार

धूर आहे अजून. धोंडुबाई म्हणते, पाचट कालच विझलं. तिला डोळ्यांनी कमी दिसतं.

जयराजच्या चपला कागदात गुंडाळून लालासाहेबाकडं पाठवल्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, तो आधी शिवून घेतला. तुटकी वस्तू दुसऱ्याच्या दारात पाठवू नये.

११ मार्च, मंगळवार

जामीन झाला. लालासाहेबाकडंच राहणार. पण ह्या वेळी कोर्टानं कागदात आमची गल्लीसुद्धा लिहिली आहे, गल्लीत पाऊल नाही. आणि ती मोटरची ओळ काढली, एप्रिल लागलाच नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "आजी, साहेबांनी तुमच्या स्टार्टरचा कागद दोनदा वाचला."

कृष्णातचं अक्षर वाईट आहे. दोनदा वाचावाच लागला असेल.

१२ मार्च, बुधवार

सांगलीला जाऊन आले. अंकिता बरोबर होती, डाळिंबी साडी नेसून. मोठा हॉल, पंखे जोरात, वकील पुष्कळ. एकजण मसुद्यातल्या कलमांवर अर्धा तास बोलला, त्याला स्वतःलाही पाणी प्यावं लागलं. मग मॅडमनी माझं नाव पुकारलं.

माईक माझ्या उंचीला खाली करून दिला. मी म्हटलं: "कागदावर तुमी घर लिवता. घर म्हंजे काय, चार भिंती? आमच्यात घरात स्टार्टर असतो, पाण्याचा नळ असतो, गोठा असतो, कणगी असते. जो तो आपापलं काम घिऊन आत येतो आन् म्हणतो, मी कामाला आलोय. आदेश लिवायच्या आधी कुणीतरी माणूस त्या सोप्यात येऊन हुबा ऱ्हावा. कशाकशाच्या निमतानं मारणारा आत यील, त्ये त्या बाईला इचारावं. तिला सगळं ठावं असतं. आन् मग लिवावं. आणि तो काय बोलला एवढंच इचारू नका. न बोलता काय करतो, त्ये बी इचारा. जुळवून ठेवलेल्या चपलांचं बी कलम काढा."

काही लोक हसले. समोर बसलेल्या मोठ्या सायबांनी विचारलं, "आजी, ह्या प्रकरणातल्या अर्जदार तुमच्या कोण?"

"नातसून."

"आणि जाबदार?"

"माझा नातू. मीच वाढवलाय."

मग हॉलमध्ये कोणी काही बोललंच नाही. मला वाटलं माईक बंद पडला, म्हणून मी त्यावर टकटक केलं. चालू होता. सायबांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. नियमात येईल न येईल. मॅडम म्हणतात वर्ष लागेल. लागू दे. मी सांगून आले, आता विसरले तर ती त्यांची चूक.

येताना एसटीत अंकिता खिडकीला डोकं टेकून झोपली. तोंड उघडं होतं. तिला असं झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी आपली तिची पिशवी धरून बसले.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पुरणाच्या पोळ्या केल्या. अंकिताचं पुरण थोडं सैल झालं, पोळी फुटत होती. सांगितलं तसं. म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षी घट्ट करीन."

माझ्या गोधड्या खाटेवर पसरल्या होत्या त्या सकाळपासून दिसेनात. शोधल्या तर तिच्या बॅगेत, घडी घालून. म्हणजे बॅगेचा आता तोच उपयोग. तिचे कपडे पेटीत गेलेत.

पाळी आमची, पण नऊ वाजले, साडेनऊ वाजले, मोटर चालू झाली नाही. लालासाहेबाच्या घरात कोणीतरी रुसून बसलं असणार. खोडवा वाळत चाललाय. उसानं कोणाचं काही बिघडवलेलं नाही. दुसरा नंबर माझा आहे. कृष्णातनं दाखवलं होतं तसा फोन लावला. पायपात पाणी आलं. आता दर पाळीला बघत जाईन. त्यानं लावली तर बरं, नाहीतर मी आहे.

दुपारी पाणी पाजवून अंकिता रानातून पळत आली, उरलेल्या पोळ्या करायच्या म्हणून. मी सोप्यात येऊन बघते तर तिच्या चपला चिखलानं भरलेल्या, एक उंबऱ्यात पालथी आणि एक पार खुर्चीच्या पायाशी उडालेली.

काय ही शिस्त. बोलणार होते. पण आज सण आहे, उद्या बोलीन. तशाच राहू दिल्यात.